'च' काढला, पण...

निनावी वाचक,

आयव्हीएफवरच्या (म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारावरच्या) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा व्हायच्या आधी पुन्हा वाचली. मी लिहिलं होतं, "आयव्हीएफची बाळं लवकर जन्मतात ती जुळ्यांमुळेच." तुमचं म्हणणं, गर्भात एकच बाळ असलं तरी धोका असतोच. मान्य. तो 'च' नको होता, काढला. ३७ आठवड्यांच्या आत जन्म, अडीच किलोच्या आत वजन, हे आयव्हीएफच्या एकेकट्या बाळांतही थोडं जास्त दिसतं. पण त्यात वंध्यत्वाच्या मूळ कारणाचाही वाटा असतो. एकाच आईचं एक मूल आयव्हीएफचं आणि एक आपसूक राहिलेलं, अशी तुलना केली की फरक बराच आटतो. हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

असो. खटकलं ते पुढचं. "घरबसल्या गूगल करून बायकांना भुलवू नका."

घरबसल्या? माझ्या वेळी दोन भ्रूण सोडले होते. "एकाच खेपेत दोन, सुटलात!" असं डॉक्टर म्हणाले आणि आम्ही हसलोसुद्धा. ३३व्या आठवड्यात सिझर. मुलगा १.७ किलो, मुलगी १.५. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दट्ट्या काढलेली सिरिंज नाकातल्या नळीला जोडून वर धरायची, दूध आपोआप उतरू द्यायचं. पहिल्या दिवशी दोन मिलिलिटर. हात जरा खाली आला की दूध नळीतच थांबायचं. दर दोन तासांनी हेच, दोघांचं. हे गूगलवर नाही शिकले मी.

आणि भुलवणं म्हणजे काय हो? भुलवणारा "दोन सोडू, चान्स वाढेल" म्हणतो. मी अख्ख्या लेखात एका वेळी एकच भ्रूण सोडा, उरलेले गोठवा, एवढंच घोकलंय. हा सल्ला भुलवण्याचा वाटत असेल, तर लेख तुम्ही पहिल्या परिच्छेदापुढे वाचलेला नाही.

गोठवलेल्या भ्रूणानंतर आईचं बीपी वाढण्याचा धोका जास्त, बाळही जरा वजनदार, हा तुमचा मुद्दा मला ठाऊक आहे. लेखाचा विषय तो नव्हता. इक्सीच्या, म्हणजे एकच शुक्राणू स्त्रीबीजात टोचण्याच्या, मुद्द्याचंही तेच.

लेखात दुरुस्ती केली आहे. तुम्हीही 'भ्रुण' दुरुस्त करा, त्यातला रू दीर्घ असतो.