तिसरं दार

गेल्या आठवड्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर मतदान निघालं. 'कामवाल्या मावशी, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीवाले यांनी फक्त मागची लिफ्ट वापरावी का?' खाली हो, नाही आणि हात जोडलेली इमोजी. सेक्रेटरीकाकांनी लगेच खुलासा टाकला, 'यात कृपया जातपात आणू नये. विषय फक्त स्वच्छतेचा आहे.'

फ्लॅट भाड्याने दिलाय, पण ग्रुप काही सुटत नाही. जोहान्सबर्गला येऊन १४ वर्षं झाली, तरी सकाळी रोबोटला, म्हणजे इथल्या सिग्नलला, गाडी थांबली की आधी तोच ग्रुप उघडला जातो. आणि 'फक्त स्वच्छतेचा' हे शब्द वाचून माझं डोकं फिरलं, कारण मी राहते ते शहर याच शब्दांवर आखलेलं आहे.

१९०४ साली इथे प्लेग आला. गावाला लागूनच हिंदी, म्हणजे भारतीय, आणि काळ्या मजुरांची वस्ती होती, तिचं सरकारी नावच 'कुली लोकेशन'. नगरपालिकेने माणसं बाहेर काढली आणि अख्खी वस्ती जाळून टाकली. रँडच्या प्लेगच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पुणेकरांना यात नवल वाटणार नाही. पण पुढचं ऐका. स्वच्छतेसाठी हलवलेल्या या लोकांना वसवलं कुठे, तर कित्येक मैल लांब क्लिपस्प्रेटला, शहराचा मैला जिरवायच्या शेताशेजारी. पुढे वाढलेल्या सोवेटोची, काळ्यांच्या अवाढव्य वस्तीची, ही सुरुवात. वर्णभेदाचं अधिकृत राज्य त्यानंतर तब्बल ४४ वर्षांनी, १९४८ मध्ये आलं. तोवर गोऱ्या मतदाराला सवय झालेली होती.

मग कायदे आले. १९५० मध्ये प्रत्येक माणसाचा वंश सरकारदरबारी नोंदवायचा कायदा झाला, आणि कुणी कुठल्या भागात राहायचं हे ठरवणारा दुसरा. त्याच वर्षी आपली राज्यघटना लागू झाली आणि अस्पृश्यता कागदावर तरी गेली. १९५३ चा कायदा तर लिफ्टवाल्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. बाकडी, पोहण्याचे तलाव, स्टेशनं, संडास वेगळे ठेवता येतील आणि ते सारख्या दर्जाचे असलेच पाहिजेत असं नाही, हे त्यात सरळ लिहिलं होतं. कारण 'वेगळं ठेवा, पण सारखं तरी ठेवा' असं कोर्टं म्हणू लागली होती, ती पळवाट बुजवायची होती. इथल्या हिलब्रो भागातल्या उंच इमारतींमध्ये नोकरांच्या खोल्या गच्चीवर असत. तिथे किती जणांनी राहायचं यावरही कायद्याची नजर होती.

हे सगळं मी रात्री बसून ग्रुपवर लिहिलं. छान लिहिलं, असं मलाच वाटलं. १९५६ च्या ९ ऑगस्टला पासच्या, म्हणजे काळ्यांना कायम जवळ बाळगाव्या लागणाऱ्या परवान्याच्या, सक्तीविरुद्ध प्रिटोरियाला गेलेल्या २०,००० बायकांचंही लिहिलं. पंतप्रधान स्ट्रायडम भेटले नाहीत, तर सह्यांचे गठ्ठे त्यांच्या दारात ठेवून त्या अर्धा तास मुकाट उभ्या राहिल्या. त्यात दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्याही होत्या.

त्याच सोसायटीत राहणाऱ्या माझ्या मामेभावाने एका ओळीत उत्तर दिलं. 'ताई, तुझ्याकडे काम करणारी बाई कुठे राहते गं?'

मागे राहते. गॅरेजच्या पलीकडे एक खोली आहे, तिचं दार वेगळं, संडास वेगळा. घर घेतलं तेव्हा नकाशात तिचं नाव 'डोमेस्टिक क्वार्टर' होतं. आम्ही रंग लावला, गीझर बसवला आणि तिला कॉटेज म्हणू लागलो. बाईचा मुलगा लिम्पोपोला आजीकडे वाढतोय. वर्णभेदाच्या काळात कायदा पोरांना आईजवळ राहू देत नव्हता. आता कायदा काही म्हणत नाही, मी पण काही म्हटलेलं नाही. ९ ऑगस्टला इथे महिला दिनाची सुट्टी असते. आमच्याकडे ब्राय, म्हणजे इथलं बार्बेक्यू, असतो, पाहुणे असतात, म्हणून ती थांबते.

उत्तर सुचेना म्हणून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा मग होता, निळ्या काठाचा, एका बाजूला टवका उडालेला. ती त्याच मगातून चहा पिते. मी कधी तसं सांगितलेलं नाही. कपाटातले घे, असंही कधी सांगितलेलं नाही.

पुण्याहून कुणी आलं की मी त्यांना फोर्ड्सबर्गला, इथल्या हिंदी लोकांच्या जुन्या भागात, नेते. कढीपत्ता, कोथिंबीर घेऊन झाली की हमीदिया मशिदीसमोर उभं करते. १९०८ च्या १६ ऑगस्टला गांधींसोबत हिंदी लोकांनी २,००० हून जास्त नोंदणी दाखले इथे कढईत घालून जाळले. पाहुणे फोटो काढतात, माझी छाती फुगते. १९४६ मध्ये या देशाशी व्यापार तोडणारा पहिला देश आपला, १९७४ ची टेनिसच्या डेव्हिस कपची फायनल आपण या देशाशी खेळलोच नाही, हेही ऐकवते. डर्बनच्या पोस्टाची गोष्ट मात्र सांगत नाही. तिथे दोन दारं होती, एक गोऱ्यांचं, एक काळ्यांचं. काळ्यांच्या दारातून जाणं हिंदी व्यापाऱ्यांना अपमानाचं वाटे. गांधींच्या नाताळ इंडियन काँग्रेसने (नाताळ हा डर्बनचा प्रांत) अर्ज केला, आणि १८९५ च्या सुमारास तिसरं दार मिळालं. तेव्हाचे गांधी तरुण होते, पुढे ते बदलले, हे खरंच आहे. आणि १९८४ मध्ये सरकारने हिंदी लोकांसाठी संसदेत वेगळं सभागृह काढलं, तेव्हा नोंदलेल्या हिंदी मतदारांपैकी जेमतेम पाचातला एक मत द्यायला गेला. हेही खरं. पण मामेभावाला हे लिहिलं असतं तर तो म्हणाला असता, विषय बदलू नकोस.

मत रविवारपर्यंत द्यायचं होतं, आणि ते मालकाचं. द्यायच्या आधी भाडेकरू बाईंना फोन करून त्यांचं मत विचारलं.

'कसली लिफ्ट हो ताई?' त्या म्हणाल्या. 'आमच्या मावशी पहिल्यापासून जिन्यानेच येतात.'