एक स्टार देणाऱ्या साहेबांना: तुमच्या ट्राउटच्या रिळाबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री पुतण्याने वाचून दाखवला, आज सकाळी चष्मा लावून मी परत वाचला. मोठ्या तक्रारी चार आहेत. साध्या जाम झालेल्या फ्लाय रिळाच्या, म्हणजे गळाच्या काठीवरच्या लाइन गुंडाळायच्या चकरीच्या, दुरुस्तीला १८ दिवस लावले. ‘तेलाच्या एका थेंबाचे’ १,४५० रुपये घेतले. चार गिऱ्हाइकांसमोर डब्ल्यूडी-४० या स्प्रेवरून तुम्हाला सुनावलं. आणि एवढं करून हिमाचलच्या तीर्थन नदीवर पहिल्याच सकाळी रीळ पुन्हा अडकलं.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक आमचीच आहे.

तुम्ही डाव्या हाताने हँडल फिरवता. रिळाच्या पोटात एक एकदिशा क्लच असतो, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान नळी, आत सुईसारखे रोलर. एका दिशेने तो स्पिंडलवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, मोकळा फिरतो, उलट दिशेने गच्च धरतो. म्हणून आपण लाइन गुंडाळताना हात हलका चालतो आणि मासा ओढायला लागला की ड्रॅगच्या, म्हणजे ब्रेकच्या, चकत्यांवर जोर येतो. हाच क्लच उलटा बसला तर गुंडाळताना ड्रॅग लागतो आणि मासा ओढतो तेव्हा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली फिरकी, भोवऱ्यासारखा सुटतो. पुतण्याने नवा क्लच उजव्या हाताच्या हिशेबाने बसवला. तपासताना मीही सवयीने उजव्या हाताने फिरवला, मला झकास वाटलं आणि पिशवीत घातलं. डावं की उजवं, हे रीळ घेतानाच विचारून चिठ्ठीवर लिहायला हवं होतं. लिहिलं नव्हतं.

पुढचं तुमच्या फोटोवरूनच कळतं. पाण्यात उतरून तुम्ही लाइन ओढलीत, हात थांबला तरी स्पूल थांबला नाही, सैल पडलेले वेढे कडेवरून उतरले आणि त्यातला एक फ्रेमच्या फटीत गेला. फोटोत नारिंगी लाइन तिथे चेपलेली स्पष्ट दिसते. हे गंजाने झालेलं जाम नव्हे, पण नदीत गुडघाभर उभ्या माणसाला त्या फरकाशी काय देणंघेणं! त्यात तिथल्या बंजार गावाहून तुम्ही दोनदा फोन केलात. रविवार होता, माझा फोन दुकानाच्या गल्ल्यात पडून होता. उचलला असता तर सांगितलं असतं: स्पूल काढा, क्लचचा काळा कप बोटाने ओढून बाहेर घ्या, उलटा करून परत बसवा. तुमच्या मॉडेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची बंदी, ती उठल्यावर पहिली सहल, परवाना काढलेला, आणि हातात असं रीळ. राग आला नसता तरच नवल.

आता ‘साधं जाम’. इथे मात्र मी मान डोलावणार नाही.

तुम्ही काउंटरवर सांगितलं होतंत की गणपतीनंतर रेवदंड्याच्या खाडीत याच रिळावर जिताडा काढला. काढला असेल, फोटोही दाखवलात, दोन किलोचा तरी होता, आमच्याकडे आठवडाभर त्याचीच चर्चा होती. पण हे रीळ गोड्या पाण्याचं आहे. त्याचा ड्रॅग बंदिस्त नाही, खारं पाणी सरळ आत जातं. तुम्ही ते नळाखाली जोरात धार सोडून धुतलंत, म्हणजे वरचं मीठ गेलं आणि उरलेलं आणखी आत ढकललं गेलं. मग ते पिशवीत गेलं, ड्रॅग पूर्ण आवळलेला, ते थेट फेब्रुवारीत बाहेर आलं.

पाच महिन्यांत आत काय घडतं ते सांगतो. स्पिंडल स्टेनलेस स्टीलचा, त्यावर बसणारा स्पूलचा बुश ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे बारीकसा बॅटरी सेलच तयार झाला. त्यात झिजतं ॲल्युमिनियम, आणि त्याची पांढरी पूड होते. ही पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. बुश आणि स्पिंडलमध्ये फटच केसाएवढी, तिथे ती पाचरीसारखी घट्ट बसते. तुमचा स्पूल ना पुढे जात होता ना मागे, आणि काढायची चावीही हलत नव्हती.

अशा वेळी गरम करणं हा सोपा इलाज. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं. सहा मिलिमीटरच्या स्पिंडलवर तापमान ४० अंशांनी वाढवलं तर दीड मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण तेल आत शिरायला तेवढं पुरतं. अडचण अशी की स्पूलच फिरत नाही, तर २७ मीटर फ्लाय लाइन काढायची कुठून? तिचं प्लास्टिकचं कोटिंग हीट गनखाली पापडासारखं फुगलं असतं आणि नव्या लाइनची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून लाइनवर कापड गुंडाळून, घरच्या हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतकंच तापवत, इंजेक्शनच्या सुईने स्पिंडलच्या तोंडाशी तेल सोडत राहिलो. सकाळी एकदा, दुकान बंद करताना एकदा. सहाव्या दिवशी रात्री ‘टक्’ असा आवाज आला आणि स्पूल नखाएवढा सरकला. बायको म्हणाली, आता तरी जेवा.

सरकल्यावर दिसलं की क्लचचे रोलर गंजून एकमेकांना चिकटलेत. तसा क्लच आणायला मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला गेलो. आतून सहा मिलिमीटर, बाहेरून दहा, रुंदी बारा. झेरॉक्स मशीनमध्ये कागद पुढे सरकवायलाही असेच क्लच लागतात. पहिल्या फेरीत मिळाला नाही, दुसऱ्या फेरीत मिळाला. असे १८ दिवस. बिलात क्लचचे २४० आणि कार्बनच्या चकत्यांचे २१० वेगळे लिहिलेत, बाकी १,००० मजुरी. तेलाचे पैसे लावले नाहीत.

तुम्ही म्हणता त्या नॉबवरच्या ओरखड्यांचा फोटो, रीळ घेतलं त्याच दिवशीचा, आमच्याकडे आहे. पक्कडीच्या दातांच्या खुणा आहेत. घरी जोर लावला असणार, सगळेच लावतात.

डब्ल्यूडी-४० वरून बोललो ते खरं. माझा आवाज चढला होता आणि समोर माणसं होती, तसं बोलायला नको होतं, माफ करा. मुद्दा मात्र मागे घेत नाही. त्या नावातले डब्ल्यू आणि डी म्हणजेच पाणी हटवणं. दाराच्या बिजागरीला चांगलं आहे. ड्रॅगच्या चकत्या घर्षणावर चालतात, त्यांच्यावर ते मारलं की ड्रॅग एकदा धक्का देतो आणि एकदा घसरतो. तुमच्या चकत्या त्यानेच ओल्या होत्या, पुसूनही कोरड्या होईनात, म्हणून बदलल्या. पुढच्या वेळी खाडीवरून आलात की स्पूल काढून बादलीभर गोड्या पाण्यात दोन्ही भाग बुडवा, रात्रभर उघडे वाळू द्या आणि ड्रॅग सैल करून ठेवा. नळाची धार नको.

हिशेब असा करू. मजुरीचे १,००० रुपये आज संध्याकाळपर्यंत तुमच्या यूपीआयवर येतील, क्लच आणि चकत्यांचे मात्र ठेवतो. क्लच मी स्वतः डाव्या हातासाठी बसवून देईन. लाइनला चीर गेली असेल तर आधी ती कुठे आहे ते बघावं लागेल. मागच्या जाड-बारीक न होणाऱ्या भागात असेल तर उष्णतेने आवळणारी बारीक नळी घालून जोडता येते. पुढच्या निमुळत्या भागात असेल तर जोडायचा नाद सोडायचा, त्या लाइनचे अर्धे पैसे आमचे.

शनिवारी दुपारी चारनंतर मी स्वतः दुकानात असतो. रीळ जसं आहे तसं आणा, गुंता सोडवू नका, तो वेढा नेमका कुठून आत गेला ते मला बघायचंय.