चारास एक: तासगावहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, 'निसर्गनियम म्हणजे सामान्यांमधला (अनेक वस्तूंत एकच असणाऱ्या गुणधर्मांमधला) संबंध' हे तत्त्वज्ञ डेव्हिड आर्मस्ट्राँगचं मत मी उचलून धरलं, त्यावर तुम्ही लिहिलंत: "चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, हे आमच्याकडं पोरंसोरंही सांगतात. वर्षानुवर्षं दिसतं, म्हणून नियम. त्यात सामान्य कुठून आलं? ही न्यायदर्शनातली जातीच (सगळ्या गायींतलं 'गायपण' असतं तशी), नवं लेबल लावलेली."

उदाहरण झकास आहे, पण ते तुमच्याच अंगावर येतं. समजा, तुमच्या शेडमधली बेदाण्याची प्रत्येक पेटी १५ किलोची आहे, एकही अपवाद नाही. मग आणखी एक पेटी भरली असती तर तीही १५ किलोचीच झाली असती का? ते भरणाऱ्याच्या मर्जीवर. १० किलोची खोकी आणली की तुमचा 'नियम' संपला.

'चारास एक' एवढं कच्चं नाही, पण तोही मूळ नियम नव्हे. हिशेब करा. शुगर २२ ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण २२ टक्के विरघळलेला घन भाग, असेल तर ४ किलो द्राक्षांत ढोबळमानाने ८८० ग्रॅम घन भाग. तयार बेदाण्यात १५ टक्के पाणी धरलं तर ८८० भागिले ०.८५, म्हणजे १ किलो ३५ ग्रॅम. काडीकचरा नि खराब मणी गेले की उरला एक किलो. घाईनं १८ ब्रिक्सलाच माल उतरवला तर तेच ४ किलो ८५० ग्रॅमच्या आत थांबतात. शेड तीच, वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं डिपिंग ऑइल तेच. उतारा (निघणारा बेदाणा) का घटला, हे 'आजवर असंच दिसलंय' यातून कळत नाही. वाळताना पाणी उडतं, घन भाग उडत नाही, यातून कळतं. जो माल कधी वाळवलाच नाही, त्याचाही उतारा यातून काढता येतो. तुमच्या वहीत त्याची नोंद कुठून असणार?

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, याला उपाधी म्हणतील: नियम खरा ठरायला लागणारी लपलेली अट. 'जिथं अग्नी तिथं धूर' हे तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यापाशी मोडतं, कारण धुराला ओलं सरपण लागतं. चारास एकमधलं ओलं सरपण म्हणजे ब्रिक्स.

आता जातीचं. गंमत अशी की व्याप्तीची, म्हणजे 'धूर तिथं अग्नी' अशा कायमच्या सोबतीची, एक प्रसिद्ध व्याख्या 'साध्याभाववदवृत्तित्वम्' आहे: साध्य (सिद्ध करायचं ते, जसा अग्नी) जिथं नाही, तिथं हेतूही (त्याची खूण, जसा धूर) नसणं. ही तर अपवाद न सापडण्याची, म्हणजे तुमच्याच पक्षाची भाषा! व्याप्तीच्या चर्चेत जाती कामाला येते ती ज्ञानासाठी: एका धुरात धूमत्व (धूरपण) कळलं की सामान्यलक्षणेनं, म्हणजे त्या जातीच्या द्वारे, सगळे धूर ध्यानात येतात. तत्त्वज्ञ ड्रेट्स्की आणि टूली (१९७७), मग आर्मस्ट्राँग (१९८३) यांचा दावा वेगळाच आहे. एक गुणधर्म दुसऱ्याला भाग पाडतो, कोणी जाणो न जाणो.

तुमच्या बाजूचं खरं बळकट उत्तर तत्त्वज्ञ डेव्हिड लुइसचं, ते तुम्ही वापरलंच नाहीत. जगाची सोपी, तरी जास्तीत जास्त सांगणारी मांडणी केली तर तिच्यात जी सर्वसाधारण विधानं येतील, ते नियम. १५ किलोच्या पेटीचं वाक्य आपोआप बाहेर. पण सोपी कोणत्या शब्दांत? 'तासगावी-पेटीपण' हाच मूळ शब्द धरला तर पेटीचं वाक्यही सोपंच. म्हणून लुइसलाही १९८३ मध्ये 'नैसर्गिक', म्हणजे वस्तूंमधलं खरं साम्य दाखवणारे, गुणधर्म वेगळे काढावे लागले.

तरी लुइसनं आर्मस्ट्राँगला मारलेला टोमणा मला लागतो: संबंधाला 'अनिवार्यता' नाव दिल्यानं तो अनिवार्य होत नाही, जसे आर्मस्ट्राँग नाव असल्यानं दंड बळकट होत नाहीत. तत्त्वज्ञ व्हॅन फ्रासेननं १९८९ मध्ये हीच अडचण नेटानं मांडली. गुणधर्मांत संबंध असला, तरी प्रत्यक्ष मण्यांतही तसंच घडलं पाहिजे हे कशावरून? आर्मस्ट्राँगचं उत्तर मला पुरतं पटलेलं नाही.

आणि एक अडचण तुमच्या बेदाणा वाळवायच्या रॅकवरचीच. १८ आणि २२ ब्रिक्सच्या मधलं एखादं नेमकं मूल्य जगातल्या एकाही मण्यात कधी आलं नाही, असं धरा. उदाहरणाशिवायचं सामान्य आर्मस्ट्राँग मानत नाही. मग त्या मूल्याचा उतारा कशानं ठरला? तो वरच्या पातळीचा, मूल्यांच्या अख्ख्या घराण्याचा नियम पुढं करतो. वार करायचा तर तिथं करा, पेटीपाशी नको.