खुलासा: कलम १०५चं कवच सभागृहापुरतंच

देशातला प्रश्न असो की परराष्ट्र धोरण, खासदार कुठेही काहीही बोलला तरी त्याच्यावर खटला भरता येत नाही, असा मजकूर सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. राज्यघटनेचं कलम १०५(२) खासदाराने संसदेत किंवा तिच्या समितीत केलेल्या भाषणाला आणि मतदानाला संरक्षण देतं. आमदारांसाठी तीच तरतूद १९४(२)मध्ये आहे. तेच वाक्य बाहेर येऊन माइकसमोर म्हटलं, की बदनामीचा खटला होऊ शकतो. लाच घेऊन केलेल्या भाषणाला तर आतही कवच नाही: ४ मार्च २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९९८चा उलटा निकाल रद्द ठरवला.

खरी गोची सभागृहातल्या भाषणाच्या क्लिपची. लोकसभाध्यक्षांनी सभागृहाच्या कामकाज नियमांतल्या नियम ३८०खाली नोंदीतून वगळलेल्या शब्दांच्या जागी छापील कामकाजात तारे येतात, क्लिपमध्ये मात्र ते शब्द जसेच्या तसे फिरत राहतात. बिहार विधानसभेतल्या भाषणाचा वगळलेला भाग छापल्याबद्दल पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाच्या संपादकांना हक्कभंगाची (सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग केल्याची) नोटीस आली होती. त्यामुळे आधी त्या दिवसाचं अधिकृत कामकाज उघडून पाहा, मगच क्लिप पुढे ढकला.

आणि हो, साध्या खासदाराचं विधान म्हणजे भारत सरकारची भूमिका नव्हे.