फिरत्या स्क्रीनचा लॅपटॉप ही गावात चैन आहे का?

गेल्या काही महिन्यांपासून शेतकरी गटांच्या आणि बचत गटांच्या व्हॉट्सॲप समूहांवर एक संदेश फिरतो आहे. टचस्क्रीनचा, पूर्ण मागे वळणारा लॅपटॉप ही शहरातल्यांची चैन आहे, त्याची बिजागरी वर्षभरात तुटते, टचमुळे बॅटरी लवकर उतरते, उन्हात त्यावर काही दिसत नाही आणि प्रोजेक्टर असताना त्याची गरजच काय, असा त्याचा सारांश. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब आणि प्रशिक्षणे मी अशाच लॅपटॉपवर करतो, म्हणून हे मुद्दे तपासणे मला आवश्यक वाटते.

बिजागरीचा आक्षेप ऐकायला खरा वाटतो. मात्र दुरुस्तीला येणाऱ्या साध्या स्वस्त लॅपटॉपमध्येही बिजागरीचे स्क्रू ज्या प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात, ते प्लास्टिकच बहुधा फुटलेले असते, आणि स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय हे त्याचे नेहमीचे कारण असते. ३६० अंशांत वळणारी बिजागरी मुळातच जास्त घट्ट असते. २०१२ मध्ये लेनोव्होच्या योगा मालिकेने ही रचना लोकप्रिय केली आणि त्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ती स्वीकारली. वर्षभरात तुटणारी वस्तू इतकी वर्षे बाजारात टिकली नसती.

बॅटरीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. टचचा थर वीज घेतो हे खरे, पण लॅपटॉपमधली बरीचशी वीज स्क्रीनचा उजेड आणि प्रोसेसर खातात. स्क्रीनचा उजेड थोडा कमी केला तर टचने घेतलेली वीज सहज भरून निघते.

प्रोजेक्टरच्या मुद्द्यावर मात्र संदेश लिहिणाऱ्याने आमच्याकडच्या शेतीशाळा पाहिलेल्या दिसत नाहीत. प्रोजेक्टरला दोनशे-तीनशे वॅट वीज सलग लागते, अंधारी खोली लागते; आणि आमची बैठक तीन बाजूंनी उघड्या सभामंडपात, भारनियमनाच्या वेळेत भरते. अशा वेळी लॅपटॉप उलट्या ‘व्ही’सारखा ओट्यावर उभा केला की कळफलक मागे जातो, आपोआप बंद होतो आणि समोर फक्त चित्र राहते. गुलाबी बोंडअळीच्या सत्रात पऱ्हाटीवरच्या (कपाशीच्या झाडावरच्या) डोमकळीचा, म्हणजे अळी आत असल्याने न उमलणाऱ्या फुलाचा फोटो लावून, पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना ‘कंट्रोल’ आणि ‘पी’ दाबून पेन घ्यायचे आणि मिटलेल्या पाकळ्यांभोवती तिथेच वर्तुळ काढायचे. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, म्हणजे आता उपाय करायलाच हवा, हे मी तोंडी सांगत असे तेव्हा कोणी वहीत उतरवून घेत नसे. आता एखादा कास्तकार स्वतः पेन घेऊन आपल्या सापळ्यातले आकडे स्क्रीनवर लिहितो आणि त्यावर बाकीचे वाद घालतात. सत्र संपवताना ‘ठेवा’ निवडले की हे लिखाण त्याच फाइलमध्ये राहते. अर्थात चौदा इंचांची स्क्रीन दहा-बारा माणसांपुरतीच. ग्रामसभेला प्रोजेक्टरच हवा. तिथला प्रोजेक्टर जुना असेल तर व्हीजीएचे (जुन्या प्रोजेक्टरच्या केबलच्या जोडणीचे) ॲडॉप्टर पिशवीत ठेवावे, कारण या पातळ लॅपटॉपना तो पोर्ट नसतो.

उन्हाबद्दल संदेश बरोबर आहे, किंबहुना तो कमीच सांगतो. या स्क्रीनची काच चकचकीत असते आणि अनेक मॉडेलांचा उजेड अडीचशे-तीनशे निटच (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) असतो, त्यामुळे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभे राहून त्यात आपलाच चेहरा दिसतो. सावलीतही समोर उघडे आकाश असेल तर तेच काचेवर उमटते. म्हणून मंडळींना भिंतीला पाठ लावून बसवावे आणि स्क्रीन त्या भिंतीकडे वळवावी. घामाचा थेंब काचेवर पडला तर टच भलतीकडेच लागतो, त्यासाठी सुती रुमाल जवळ असावा. त्याहून मोठी अडचण उष्णतेची आहे: अनेक लॅपटॉपसाठी कंपनीने सांगितलेली वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअसची असते आणि मे महिन्यात आमचा पारा ४५ च्या आसपास खेळतो. दुपारी यंत्र गोधडीवर आडवे ठेवून चार्ज करणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य हाताने कमी करणे होय.

‘मग टॅबलेटच घ्या’ अशी पुस्ती संदेशाच्या शेवटी आहे. हिशेबाचे टॅली आणि मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फाइली ज्याला रोज चालवाव्या लागतात, त्याने हा सल्ला मनावर घेऊ नये.

खरा आक्षेप संदेशात आलेलाच नाही, तो दुरुस्तीचा आहे. टचची काच आणि स्क्रीन एकमेकींना चिकटवलेल्या असतात, म्हणून नुसती काच तडकली तरी बहुधा दोन्ही बदलाव्या लागतात आणि तालुक्याच्या दुकानात तो भाग क्वचितच मिळतो. त्यामुळे खरेदीच्या वेळीच अपघाती नुकसानीचे संरक्षण आणि घरपोच सेवेची वॉरंटी घ्यावी, ती आपल्या पिनकोडला लागू आहे का हे पैसे देण्यापूर्वी विचारावे, आणि पेन सोबत मिळते की वेगळे घ्यावे लागते हेही पाहावे, कारण एका कंपनीचे पेन दुसऱ्या कंपनीच्या स्क्रीनवर चालेलच असे नाही.