‘जखमी जवानाला काही मागावं लागत नाही’ म्हणे!

सोलापुरातल्या भरती अकादम्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचला. पठ्ठ्याने कॉलेज सोडायचं ठरवलं. ताईने तो मेसेज मला पाठवून विचारलं, “खरंय का रे हे?” मेसेज असा: अग्निवीर (म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणारा जवान) व्हा, जखमी झालात तर आयुष्यभर पेन्शन आणि मोफत उपचार, एकाही जखमी जवानाला आजवर हक्कासाठी कोर्टाची पायरी चढावी लागलेली नाही, चार वर्षांनी सरकारी नोकरी पक्की.

कोर्टाचं आधी, कारण ते वाचून डोकंच फिरलं. धरमवीर सिंग 1985 मध्ये सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संपर्क सांभाळणाऱ्या विभागात, भरती झाले, तेव्हा मेडिकलच्या कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नव्हती. नऊएक वर्षांच्या नोकरीनंतर 20 टक्के अपंगत्व धरून त्यांना 1994 मध्ये घरी पाठवलं. आजार फिट येण्याचा. पेन्शन नाकारली, कारण काय तर आजार अंगचाच आहे, नोकरीमुळे झालेला नाही! सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला जुलै 2013 मध्ये. एकोणीस वर्षांनी. निकालात स्पष्ट आहे: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं, तसं नाही हे सिद्ध करायचं काम जवानाचं नाही, सरकारचं. त्यानंतरही अपंगत्व पेन्शनचे दावे सशस्त्र दल न्यायाधिकरणात येतच राहिले, आणि जवान जिंकला तरी सरकार वर अपिलात गेल्याची उदाहरणं आहेत. चकमकीत गोळी लागली तर वादाला फारशी जागा नसते. ज्याची पाठ गेली, कान गेले, मन खचलं, तो हेलपाटे घालत बसतो.

आता पेन्शन. अग्निवीराला पेन्शनच नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणे 44, 25 किंवा 15 लाख एकरकमी, शिवाय चार वर्षांतला उरलेला पगार आणि सेवानिधी, म्हणजे चार वर्षांच्या शेवटी मिळणारी साठवलेली रक्कम. रक्कम लहान नाही, मान्य. पण एकवीस वर्षांच्या पोराचे दोन्ही पाय गेले तर तेवढ्यावर पुढची पन्नास वर्षं काढायची? तशाच जखमेला नियमित जवानाला दरमहा, मरेपर्यंत पेन्शन मिळते.

उपचारांचं अर्धं खरं आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र, खडकीचं पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळं पडलेल्या जवानांचं) केंद्र यांच्या कामाला नावं ठेवणार नाही. पण सेवेतून बाहेर पडल्यावर माजी सैनिकांना मिळणारी ईसीएचएस ही उपचार योजना 2022 च्या अटींनुसार अग्निवीराला नाही.

नोकरी पक्की म्हणे. कायम होतात ते जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत राखीव जागा आहेत, पण भरतीचे निकष पार करावेच लागतात. अपंग झालेला पोरगा ते कसे करणार?

भाच्याला सैन्यात जायचं असेल तर अडवणार नाही. पण भरतीच्या मेडिकलच्या कागदांपासून पुढच्या प्रत्येक दुखापतीच्या नोंदीपर्यंत सगळ्याची प्रत त्याने घरी ताईकडे ठेवावी. आणि ज्या सरांनी हा मेसेज ग्रुपवर टाकला त्यांनी पुढच्या बॅचची फी घेण्याआधी अग्निवीराच्या अटी पोरांना आणि आईवडिलांना समोर बसवून मराठीत वाचून दाखवाव्यात.