गुलाल आज, मटण उद्या

आमदारसाहेब, अभिनंदन! पण त्या जेसीबीवाल्याला जरा दमानं घ्यायला सांगा. निकाल आजच लागलाय, म्हणजे आज उधळलेला गुलाल तुमच्या खर्चात धरायचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं (१९५१) कलम ७७ उमेदवारीपासून निकालापर्यंतचा खर्च मोजतं, दोन्ही दिवस धरून.

उद्यापासून मोकळं रान! सत्यनारायण घाला, तांबडा-पांढरा रटरटू द्या, गावोगाव सत्कार घ्या. ४० लाखांच्या मर्यादेला त्याचा धक्काही लागत नाही. कार्यकर्ते इतके दिवस निवडणूक खर्चाच्या सरकारी दरपत्रकातल्या वडापाववर राबले, मटणासाठी एक रात्र थांबतील. फक्त जुनी उधारी जपा. मंडप प्रचारात घातला असेल, तर पैसे दिवाळीनंतर दिले तरी खर्च प्रचारातलाच. मंडपवाला सरळमार्गी असला तर बिलावर खरी तारीख टाकून मोकळा होईल. असली माणसं मुळात कामाला लावू नयेत.

मग ३० दिवसांत हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. नोंदवही देखणी असते: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. तिकडे प्रशासनही तुमच्या खर्चाची स्वतःची वही ठेवतं आणि दोन्ही ताडून बघतं. खर्च मर्यादेपेक्षा बराच खाली दाखवा. काठोकाठ भरलेला आकडा उगाच डोळ्यांत येतो. उरलेलं पक्षाच्या अंगावर ढकला. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, आणि त्याला हिशोब द्यायला विधानसभेनंतर ७५ दिवस मिळतात. मात्र पक्षाच्या सभेच्या फलकावर तुमचा फोटो नको, नाहीतर वाटा तुमच्याच नावावर पडायचा.

पडलेल्या उमेदवाराला हे सांगायच्या भानगडीत पडू नका. हिशोब त्यालाही द्यावा लागतो, आणि नाही दिला तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. पुढच्या वेळी एक कमी झाला तर तुम्हाला का वाईट वाटावं?

आणि तोंड सांभाळा. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे भर कार्यक्रमात बोलून गेले की २००९ च्या लोकसभेला आपले आठ कोटी गेले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. लगेच आयोगाची नोटीस! झाकली मूठ सव्वा लाखाची, ती राजकारणात कोटींची होते एवढंच.

एक बारीकशी कटकट राहते. एक रुपया भरून कुणीही मतदार तुमचा हिशोब उघडून बघू शकतो. असा कुणी उपटलाच तर रागावू नका, बसवून चहा पाजा. निकालानंतरचा चहा आहे, कुठं लिहावा लागत नाही.